काटा कितीवर होता?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं नसेल, मित्रांनो. मी एक जुना मल्टीमीटर आहे. विजेच्या वस्तूंची नाडी बघायचं यंत्र म्हणा. एक काळी पेटी, पुढे काच, काचेमागे बारीक काटा आणि दोन वायरी, एक लाल, एक काळी. आता म्हणे थेट आकडे दाखवणारे मीटर आले आहेत. येऊ देत. मला काटा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते लखनऊच्या अमीनाबादमधलं एक दुकान. तिथे मी दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. तिथून मला रफीक मियाँनी घेतलं. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते मेकॅनिक होते. बावीस वर्षं मी त्यांच्या पिशवीत राहिलो. एकदा छावणीतल्या मेसचा मोठा फ्रिज बंद पडला. तिघांनी हात टेकले. मग रफीक मियाँनी मला लावलं आणि माझ्या काट्याने दोन मिनिटांत दोष दाखवला. साहेबांनी पाठ मात्र रफीक मियाँची थोपटली. असं चालायचंच.

ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात नेत्रा कामावर रुजू झाली. नुकतीच इंजिनिअर झालेली मुलगी. तिचे बाबा श्रीरंग मूळचे साताऱ्याचे, पण कितीतरी वर्षांपासून लखनऊच्या जानकीपुरमला राहणारे. औषधांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. एवढ्या मोठ्या कंपनीत पोरगी लागली म्हणून त्यांनी सगळ्या कॉलनीला पेढे वाटले होते. कंपनीचा नियम असा, की नव्या इंजिनिअरने पहिले सहा महिने सर्व्हिस सेंटरमध्ये काढायचे. साहेबांचं समाधान झालं तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. रफीक मियाँनी जाताना मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “बिटिया, पहले इसका ज़ीरो मिलाना, फिर किसी पर शक करना।” ज़ीरो मिलाना म्हणजे आधी माझा काटा नीट शून्यावर आणायचा.

तिने मला जीव लावला. रोज सकाळी ओढणीच्या टोकाने माझी काच पुसायची. पहिल्या महिन्यात कुणाच्या घरी फ्रिज चालू झाला, की तीच लहान मुलासारखी टाळी वाजवायची. मलाही वाटलं, म्हातारपणी चांगला हात मिळाला.

सहाव्या महिन्यात तिवारींच्या घरून तक्रार आली. जानकीपुरममध्येच, नेत्राच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नवीन वॉशिंग मशीनमधून कपडे काढताना त्यांच्या सुनेला, गीताला, शॉक बसला होता. ती गेली. तिला चार वर्षांची मुलगी होती.

इथे तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगतो. मशीनमध्ये कुठे वीज गळाली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता एका वेगळ्या वायरने सरळ जमिनीत जावी, यासाठी अर्थिंग असतं. ही वायर अर्धी घराच्या भिंतीत असते आणि अर्धी मशीनच्या पोटात. दोन्हीकडे धड असेल तरच माणूस वाचतो.

नेत्राने आधी मला भिंतीवरच्या बोर्डाला लावलं, एक वायर विजेच्या भोकात आणि दुसरी अर्थिंगच्या. काटा दोनशे तीसवर जाऊन उभा राहिला. म्हणजे भिंतीतलं अर्थिंग उत्तम होतं. ते काम हरिहरचाचांचं. कॉलनीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांनी केली होती, नेत्राच्या घराचीसुद्धा. मग तिने माझी एक वायर मशीनच्या प्लगमधल्या अर्थिंगच्या जाड पिनेला लावली आणि दुसरी मशीनच्या पत्र्याला. काटा उडी मारून पलीकडे जायला हवा होता. तो जागचा हलला नाही.

तिने मागचं झाकण उघडलं. अर्थिंगची वायर होती, पण तिचा स्क्रू नुसता टेकवलेला. त्याच्यावर स्क्रूड्रायव्हरचा ओरखडासुद्धा नव्हता. कारखान्यात तो कुणी आवळलाच नव्हता, मित्रांनो.

विक्रमसर म्हणजे सर्व्हिस सेंटरचे मॅनेजर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“देखो नेत्रा, तुमने ये लिखा तो पूरा लॉट वापस बुलाना पड़ेगा। सात नंबर डाल दो। तुम्हारा कन्फर्मेशन पंद्रह तारीख को है ना?”

मोबाइलवर रिपोर्ट भरायचा असतो आणि त्यात दोषांना नंबर दिलेले असतात. सात नंबर म्हणजे, ग्राहकाच्या घरी अर्थिंग नाही. त्यातली मेख अशी, की सात नंबर निवडला तर मीटर किती दाखवत होता हे पुढे विचारलंच जात नाही. माझा काटा कुठे होता, हे त्या रिपोर्टात कुठेच आलं नाही. नेत्राने बराच वेळ मोबाइल हातात धरला आणि मग सात नंबर दाबला. दुसऱ्या दिवशी कंपनीने तिवारींना सहानुभूती म्हणून नवीन मशीन दिलं आणि जुनं उचलून भंगारात पाठवलं. मला तेव्हा लाज वाटली, आणि लाज कुणाची वाटावी तेही कळेना.

रिपोर्ट भरला त्याच संध्याकाळी ती मला घरी घेऊन गेली. कर्मचाऱ्यांना सवलत असते, म्हणून तिने आईसाठी त्याच खेपेतलं एक मशीन घेतलेलं होतं. बाल्कनीत बसून तिने मला त्याला लावलं. काटा तिथेही हलला नाही. तिने झाकण उघडलं.

श्रीरंग चहाचे कप घेऊन आले. “नवीन मशीन आहे की गं. काय झालं त्याला?”

“कुछ नहीं बाबा, बस चेक कर रही हूँ।”

त्यांनी वाकून तो सुटा स्क्रू पाहिला. औषधाचा कण न् कण मोजण्यात त्यांची हयात गेली होती. “तिवारींकडे पण असंच होतं?”

नेत्राने मान डोलावली.

“मग लिहिलंस ना तसं?”

“पंद्रह को कन्फर्मेशन है, बाबा।”

श्रीरंगांनी एक कप तिच्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाले, “चहा गार होतोय तुझा.”

तिने स्क्रू आवळला. माझा काटा झेप घेऊन पलीकडे गेला. इतक्या वर्षांत बरोबर आकडा दाखवताना मला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं.

पंधरा तारखेला नोकरी पक्की झाली. कागदावर मोठं पद आलं, टेबल आलं. त्याच सुमारास तिवारींनी तो सात नंबरचा रिपोर्ट हातात घेऊन हरिहरचाचांविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. तिवारींचं तरी काय चुकलं? कंपनीच्या इंजिनिअरने लिहून दिलं होतं. पोलिसांनी चाचांना तीन दिवस बसवून ठेवलं. कॉलनीत त्यांना कुणी साधा पंखा लावायलाही बोलवेना. लोक तोंडावर म्हणू लागले, हाच तो.

एका दुपारी ते सर्व्हिस सेंटरमध्ये आले. इस्त्रीचा शर्ट घालून, टोकन घेऊन इतरांसारखे रांगेत बसले. नंबर आल्यावर नेत्राच्या टेबलासमोर उभे राहिले. मी टेबलावरच होतो.

“बिटिया, उस दिन तुमने मेरे बोर्ड पर मीटर लगाया था। काँटा कितने पर था? बस उतना लिखकर दे दो।”

दोनशे तीस! मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. नोकरी पक्की होऊन गेली होती. आता खरं सांगायला हरकत नव्हती, असं तुम्हाला वाटेल. पण एकदा सात नंबर दाबला, की खरं सांगणं म्हणजे स्वतःवरच रिपोर्ट लिहिणं. नेत्राने माझ्याकडे पाहिलं नाही.

“याद नहीं, चाचा।”

“अच्छा,” ते म्हणाले. “काम भी तो बहुत रहता होगा।” त्यांनी नमस्कार केला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिने आकडेवाला नवीन मीटर मागवला आणि मला खालच्या खणात टाकलं. आता माझी काच कुणी पुसत नाही. मला त्याचं दुःख नाही. उद्या तुम्हीही शिकून मोठ्या कंपन्यांत लागाल, मित्रांनो. तुमच्याही हातात माझ्यासारखं काहीतरी येईल. त्याला पुसू नका, मिरवू नका, हवं तर अडगळीत टाका. पण ते जे दाखवील ते त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी ते फार जड होतं.

त्या खेपेची एकशे चाळीस मशीनं या शहरात विकली गेली. तिवारींचं भंगारात गेलं. बाकीची घरोघरी रोज चालू आहेत, आणि त्यातल्या फक्त एकाचा स्क्रू आवळलेला आहे.