कौसल्येच्या हातातली घड्याळं

सीतारामला नाद होता जुन्या स्विस ऑटोमॅटिक घड्याळांचा. गिरणीतल्या कारकुनाला हे थेर सुचले कुठून, असं लालबागच्या त्या चाळीत सगळेच म्हणत. चोरबाजारातून तो मरायला टेकलेलं घड्याळ आणायचा, खोलून, तेल घालून चालतं करायचा आणि बायकोला ऐकवायचा, "कौसल्या, ह्याला चावी लागत नाय. आपला हात हलला की आतलं वजन फिरतं नि ह्याचं पोट भरतं. डब्यात ठेवलं की मेलं." म्हणून तो ती पाळीपाळीने वापरायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत हात उंचावून घोषणा देऊन आला की म्हणायचा, आज घड्याळ पोटभर जेवलं.

छप्पन्न सालच्या दिवाळीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डाव्या हातात पांघरूण ओढण्यापुरतं बळ उरलं. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि तेच वाईट झालं.

कौसल्येच्या मनाने घेतलं की घड्याळं मेली तर नवराही जाणार. आजवर तिने त्या डब्याला हात लावला नव्हता. आता त्यातलं त्याचं सगळ्यात लाडकं घड्याळ मनगटावर बांधून ती पीठ मळू लागली, वाटण वाटू लागली. खाटेवरून बघताना सीतारामला भरून आलं. मग तीच बाई धुणं घेऊन मोरीत बसली आणि तिने घड्याळासकट हात बादलीत घातला.

असल्या जुन्या घड्याळात पाणी शिरतं. शहाण्याने बायकोला सगळं सांगितलं होतं, एवढंच राहिलं होतं.

त्याने डाव्या हाताने खाट बडवली. घशातून नुसता घरघराट निघाला. कौसल्या ओल्या हातांनी धावत आली, तिने त्याला पाणी पाजलं, उशी सारखी केली आणि मनगट त्याच्या कानाशी धरलं. "ऐका. चालतंय ना? मी नाय मरू देणार."

काचेच्या आत वाफ धरली होती. सीताराम जीव एकवटून पट्टा ओढू लागला. कौसल्येला वाटलं, नवरा हात धरतोय. लग्न झाल्यापासून त्याने दिवसाउजेडी कधी तिचा हात धरला नव्हता. ती लाजली, दाराकडे बघून घेतलं आणि खाटेच्या कडेला तशीच बसून राहिली. त्याची बोटं बक्कलापर्यंत पोचली, पण बक्कल काही सुटलं नाही.

दोन दिवसांनी घड्याळ बंद पडलं. आपलाच हात कमी हलला, असं म्हणत कौसल्या ढसाढसा रडली. सीतारामने डोळे मिटून घेतले. त्याला तिची दया येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही सांगता येत नव्हतं.

मग तिने डब्यातलं दुसरं घड्याळ मनगटावर बांधलं आणि या वेळी शेजारच्या जाईबाईंचंही धुणं मागून आणलं.