कशेडीचं ताट

गुणवंतीच्या घरातला कोणी प्रवासाला निघाला, की तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत तिच्या घरातल्या मोठ्या बायका अन्नाला शिवत नसत. नियम तिच्या सासूचा. पण सासू मधेच पोह्यांचा बकाणा भरायची. गुणवंतीनं तसलं काही ठेवलं नाही. नियम होता रत्नागिरी-मुंबईपुरता, म्हणून निभावला.

आता नातू भावेश निघाला कॅनडात, टोरांटोला. विमान मुंबईहून पहाटे तीनला सुटलं. तिकिटावर छापलेलं, त्याच दिवशी दुपारी साडेतीनला पोचणार. गुणवंतीनं बोटांवर मोजलं, साडेबारा तास. तेवढ्याच्या जोरावर तिनं सगळ्या मिरकरवाड्याला ऐकवलं, की नातू पोचल्याशिवाय पाण्याखेरीज काही घेणार नाही. सून मनिषा चुलीकडे वळली. तिनं सरंगा मासा तळला आणि झाकून ठेवला.

साडेतीन झाले, फोन नाही. शेजारची लीला दोनदा डोकावून गेली, पोचला का विचारायला. खरं तर म्हातारी जेवली का ते बघायला. शेवटी नात समीक्षानं मोबाइल बघून सांगितलं, की ते साडेतीन तिथल्या घड्याळातले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असेल. मधे विमान जर्मनीत बदलायचं. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी-मुंबईच्या सदतीस खेपा.

सदतीस खेपांचा उपास एका दिवसात. गुणवंतीनं झाकणीकडे बघितलं आणि मान वळवली. सरंग्याचा वास मात्र वळेना.

सव्वाचारला फोन वाजला. भावेश म्हणाला, जर्मनीत आहे, वायफाय आत्ता मिळालं, पुढचं विमान अजून...

"पाय जमिनीला लागलेत ना?"

"हो आजी, पण..."

"मग पोचलास. सांभाळून रहा बाबा." तिनं फोन ठेवला. "सूनबाई, ताट घे."

मनिषा जागची हलली नाही. ती नवी नवरी असताना तिचा नवरा मुंबईला निघाला होता आणि एसटी कशेडी घाटात बंद पडली होती. त्यानं घाटातल्या हॉटेलातून फोन केला, मनिषानं भाताला हात घातला, तर गुणवंतीनं तो घास खाली ठेवायला लावला. घाटात अडकला तो पोचला नव्हे. त्या दिवशी मनिषा जेवली दिवेलागणीला.

"कशेडीतला फोन तुम्ही पोचल्याचा धरला नव्हता, आई," ती म्हणाली.

 गुणवंतीनं विचारलं, "तू जेवलीस गो?"

"नियम आहे ना घरात."

म्हातारीनं घड्याळाकडे बघितलं. मग उठली, स्वतःच सरंग्याचे दोन तुकडे केले आणि मोठा सुनेच्या ताटात टाकला.

"हे कशेडीचं राहिलं होतं. जेव आधी."

दोघी पहिला घास घेतात तोच लीला तिसऱ्यांदा दारात. पोचला का भावेश?

"निम्मा पोचला," काटा काढत गुणवंती म्हणाली.