पस्तिसावं मिनिट

नळ आणि माझा हात यांच्यात वीतभर अंतर राहिलं, ते माझ्या नणंदेमुळे.

पार्लर माझं. एकच खोली, दोन खुर्च्या, मागे केस धुवायचं बेसिन आणि त्यावर गीझर. मी कुणाकडे शिकायला गेले नाही. आधी स्वतःच्या डोक्यावर हात बसवला, मग शेजारणींच्या. त्यामुळे केसांच्या बाबतीत कुणी अक्कल शिकवलेली मला खपत नाही.

नणंदेला घरात सगळे शंकाराणी म्हणतात. गॅस बंद केला का, हे ती कुलूप लावल्यावर तीनदा विचारते आणि तरी एकदा परत जाऊन बघून येते. वीस वर्षांनी तिची नोकरीसाठी मुलाखत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून त्या दुपारी तिनं डोकं माझ्या ताब्यात दिलं. मी रंग लावला, तपकिरी. पस्तीस मिनिटांनी धुवायचा. उशीर झाला तर टाळू चुरचुरते आणि तपकिरीचा कोळसा होतो.

बाविसाव्या मिनिटाला तिचा मोबाईल किंचाळला. चष्मा काढलेला, म्हणून तिनं तो हातभर लांब धरून वाचला. जोराचं वादळ, विजांचा धोका, घरातच थांबा, खिडक्या आणि नळांपासून दूर राहा. माझा मोबाईल गप्प होता. गेल्या आठवड्यात असे तीन इशारे आले आणि एक थेंब पडला नाही, तेव्हा मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

तिनं उठून ड्रायरची पिन काढली, खिडकी लावली, गीझर बंद केला. मी म्हटलं, आता खुर्चीलाही कुलूप घाल. बाहेर अंधारून आलं होतं, पण पाऊस नव्हता. लांब कुठेतरी गडगडत होतं.

पस्तीस मिनिटं झाली. मी तिला बेसिनकडे बोलावलं, तर ती हलेना. नळातून वीज येते म्हणाली. मला हसूच आलं. आमच्या नळाला वेळेवर पाणी येत नाही, वीज कुठली यायला.

"चला वन्सं," मी म्हटलं. मी वन्सं म्हटलं की चिडलेली असते, हे तिला ठाऊक आहे. "टाळू भाजेल."

"भाजू दे."

"उद्या काळी कुळकुळीत जाशील तिथे."

"जाईन. तू नळाला हात लावू नकोस, वहिनी."

मी ऐकते थोडीच. नळ सोडून दाखवला की हिची भीती जाईल, म्हणून उजवा हात पुढे केला. मागून एप्रनच्या गाठीला असा हिसका बसला की आम्ही दोघी एकमेकींवर जमिनीवर. शिवी अगदी ओठांवर आली होती.

तेवढ्यात खोली पांढरी झाली. आवाज मला आठवत नाही. कानात नुसती शीळ राहिली. नळातून निळसर ठिणगी उडाली, केस धुवायच्या शॉवरचं तोंड सुटून भिंतीवर आपटलं, बेसिन उभं तडकलं. मग जळका वास आला, आणि नळ नेहमीसारखा थेंबथेंब गळायला लागला.

मी हाताकडे बघत बसले. पाच बोटं. परत बघितलं, पाचच. वीज छतावरच्या टाकीवर पडली होती, हे नंतर कळलं.

मला दार उघडून पळायचं होतं. तिनं एप्रन सोडला नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, म्हणाली, आणि पुन्हा गडगडलं की तो अर्धा तास पहिल्यापासून. तीनदा पहिल्यापासून झालं. मी कोरड्या टॉवेलानं जमेल तेवढा रंग पुसला, पण केसांपेक्षा कपाळच जास्त माखलं. टाळूची आग होत असणार. ती मात्र घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत होती.

अखेर सगळं शांत झाल्यावर मागच्या दारच्या पिंपातलं पाणी आणून मी तिचं डोकं धुतलं. केस कावळ्यानं हेवा करावा असे झाले होते. तिनं चष्मा लावून आरशात बघितलं. मी मान खाली घालून उभी. त्या दिवशी ती काय वाट्टेल ते बोलली असती, तरी मी ऐकून घेतलं असतं.

"कानामागे राहिलंय," ती म्हणाली.

मी उजवा हात पुढे केला. तो तिच्या कानापर्यंत पोचायला फार वेळ लागला.