'लाभ' झाल्यावर दोन

मी पायली बोलतेय. लोखंडी पत्र्याची, पितळी काठाची, कामठ्याच्या चैतरामच्या घरची. त्याच्या आईने, गीताबाईने, मला बाजारातून आणलं तेव्हा मी अशी चकाकत होते की ती माझ्यात तोंड पाहायची. आता पोटाला पोचे आलेत.

आमच्याकडे धान मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. गीताबाईचा आवाज खणखणीत. पण पुढे पुढे ती 'लाभ' म्हणून मला ओतायची आणि पुन्हा भरून 'लाभ'च म्हणायची. म्हातारीला चळ लागला, असं लोक म्हणाले. मलाही तसंच वाटलं. शेवटी तर ती पोटच्या पोरालाच 'कोन गावचा रे तू?' विचारायची.

मग मी चैतरामच्या हाती आले. त्याच्या मापावर कुणी शंका घेत नसे. मात्र साठी गाठायच्या आधीच तोही 'लाभ'वर अडकू लागला. तीच अडखळ पाहून मी घाबरले.

त्याची मुलगी रीता त्याला नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेली. परतल्यावर धान साठवायच्या ढोलीला टेकून तिने आईला सांगितलं, "अल्झायमर म्हनतेत त्याले. आजीलेबी तोच होता म्हने. कधी कधी रक्तातून येते. तसा जीन माह्यात असला तं धोका वाढते, होईलच असं नाही."

सुलोचनाबाईंनी तिच्या तोंडावर हातच ठेवला. "चूप राह्य. रविवारी तिरोड्याचे पाहुने येऊन राहिले. वंशातलं दुखनं ऐकून कोन सून करन तुले?"

रविवारी त्यांनी मला ढोलीमागे दडवलं. या घरातून नवे पाहुणे निघाले की यजमान स्वतः नवा तांदूळ मोजून देतो. आज मात्र पिशवी आधीच भरून ठेवली होती. चैतरामने ती उलटी केली आणि मला शोधत घरभर हिंडला. "माही पायली कोनं नेली," म्हणत तो रडवेला झाला. इतकी वर्षं मी त्याच्या हातात होते आणि आज हाकेला ओ देता येत नव्हती, याचं फार वाईट वाटलं.

रीता उठली. तिने मला बाहेर काढून पुसलं आणि बापाच्या हाती दिलं.

"लाभ," चैतराम म्हणाला. ओतलं, पुन्हा भरलं. "लाभ."

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. रीता सरळ नवरदेवाकडे, स्वप्निलकडे, वळली. "बाबाले भुलन्याची बिमारी आहे. आजीलेबी होती. उद्या मलेबी होऊ शकते. रक्ताची तपासनी करीन का नाही, मले अजून मालूम नाही. पन लपवून लगन नाही करनार."

चैतराम मला भरून तसाच थांबला होता, पुढे काय म्हणायचं ते त्याला सापडत नव्हतं.

स्वप्निल उठून त्याच्यासमोर बसला. पिशवीचं तोंड उघडं धरलं आणि हळूच म्हणाला, "दोन, मामाजी."

"दोन," चैतराम म्हणाला, आणि मला ओतलं.

लग्न झालं. तपासणीचं रीताने अजून ठरवलेलं नाही. ते तिचं ती ठरवील. चैतराम आता मोजत नाही, नुसता मला मांडीवर घेऊन बसतो. मी सगळ्यांना दिसेल अशी ओसरीवरच असते.

बाबांनो, एवढंच सांगते. तुमच्या घरचं कुणी 'लाभ'वर अडकलं, तर त्याच्या हातची पायली दडवू नका. समोर बसा आणि दोन म्हणा.