चौथ्याला काय?

रविवारी दुपारी सुताराच्या कारखान्यात यंत्रं बंद असायची आणि पत्ते चालू. फळ्या कापायच्या दोन लाकडी घोड्यांवर प्लायवूडची फळी टाकायची, तिच्यावर जुनी चादर ताणून चारी बाजूंनी खिळे ठोकायचे, की झालं टेबल. पोकरला लागणाऱ्या चकत्या सुतारानं स्वतः कातल्या होत्या, सागवानी लाल आणि शिसवी काळ्या. पत्ते वाटायचं काम त्याच्या बायकोकडे. ती हाडांच्या दवाखान्यात परिचारिका होती. सगळे तिला ताई म्हणायचे, कारण टेबलावर ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा तो तिचा धाकटा भाऊ होता आणि तो तिला ताई म्हणायचा.

भावाला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती सुटून बरीच वर्षं झाली होती. आता तो एका व्यायामशाळेत पोरांना वजनं उचलायला शिकवायचा. मान मात्र तशीच होती, डोक्याएवढी रुंद, आणि रागही तसाच. लहानपणी त्यानं घरातला आरसा फोडला, दाराची कडी उखडली, एकदा आईच्या हातातलं ताट भिंतीवर मारलं. दर वेळी आई म्हणायची, "जाऊ दे गं, तू मोठी आहेस ना?" ताई मोठी होती, म्हणून तिनं जाऊ दिलं. जाऊ देता देता तिची चाळिशी आली.

बक्षिसांचा वाद बरेच दिवस धुमसत होता. तोवर सगळ्यांनी भरलेले पैसे जिंकणाराच घेऊन जायचा आणि बाकीचे तोंड पाडून घरी. दोघांनी तर येणंच बंद केलं. म्हणून त्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी ताईनं खडू घेतला आणि भिंतीला टेकवलेल्या फळीवर लिहिलं. शंभरातले पन्नास पहिल्याला, तीस दुसऱ्याला, वीस तिसऱ्याला.

"म्हणजे जिंकायचं मी आणि वाटायचं गावाला?" पैलवान म्हणाला.

"दर वेळी तूच जिंकतोस, हे तुला कुणी सांगितलं?" बेकरीवाले काका म्हणाले. साठी उलटलेले, पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहून भुवया जळालेले गृहस्थ. "आणि आम्ही काय तुझ्या व्यायामशाळेची वर्गणी भरायला येतो का?"

सगळे हसले. पैलवान सगळ्यांत शेवटी हसला.

"माझं एक म्हणणं आहे," काका म्हणाले, "चौथ्याला निदान त्याने भरलेले पैसे तरी परत द्या. अख्खी दुपार बसायचं आणि अगदी दाराशी येऊन रिकाम्या हातानं जायचं, फार जिवाला लागतं हो."

"चौथ्याला काय? टाळ्या!" पैलवान उठला, त्यानं ताईच्या हातातून खडू घेतला आणि खाली ठळक लिहिलं, चौथा : टाळ्या. "मंजूर?"

हात वर झाले. काकांनीही नाइलाजानं केला. ताई मुद्दाम थांबली, भावाकडे पाहत. "तुझाही हात दिसू दे."

"हा घे. दोन्ही घे," तो म्हणाला आणि खेळ सुरू झाला.

ऊन खिडकीतून करवतीच्या यंत्रावर येईपर्यंत पाच जण बाद होऊन घरी गेले होते. उरले चौघे, पैलवान, काका, सुतार आणि एक टॅक्सीवाला. टॅक्सीवाला बारीक अंगाचा, तोंडाचा फटकळ. त्याच्यापुढे जेमतेम मूठभर चकत्या होत्या. पैलवानापुढे ढीग. पहिल्या तिघांत येणं त्याच्यासाठी पोरखेळ होता, नुसतं गप्प बसला असता तरी चाललं असतं.

गप्प बसणं त्याला ठाऊक नव्हतं. काकांनी एक मोठी बाजी लावली तशी त्याचे डोळे चमकले. हातात एक्क्यांची जोडी होती. ताईनं टेबलावर तीन पत्ते उघडले, त्यात एक सत्ती. चौथा पत्ता भलताच. पैलवानानं सगळ्या चकत्या पुढे लोटल्या. "या काका. भट्टी पेटवा."

काकांनी बराच विचार केला, कपाळ पुसलं आणि आपल्या चकत्या पुढे केल्या. ताईनं शेवटचा पत्ता उलटला. सत्ती. काकांच्या हातात आणखी दोन होत्या. चार सत्त्यांपुढे एक्क्यांची जोडी पडली.

चकत्या मोजल्या तेव्हा काकांच्या थोड्या जास्त भरल्या. पैलवानापुढे नुसती चादर उरली.

मग टॅक्सीवाल्याला राहवेना. त्यानं फळीकडे पाहिलं, पैलवानाकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. सुतारही हसला आणि त्यानंही दोन वाजवल्या. त्यात वाईट काही नव्हतं. सुताराचा स्वभावच तसा, कुणी वाजवली की आपण वाजवायची.

पैलवान उठला नाही. हळू आवाजात म्हणाला, "माझे पैसे परत द्या."

"अरे, तूच तर—" टॅक्सीवाला म्हणाला.

"तू गप. ताई, काका म्हणाले होते ना चौथ्याला परत द्यायचं? मग द्या."

काकांचा हात खिशाकडे गेला. "घे बाबा, माझ्यातले घे. त्यात काय एवढं?"

"काका, खिशातून हात काढा," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ठरलंय ते ठरलंय. तुझा हात वर होता. तूच म्हणालास, दोन्ही घे."

"ताई."

"नाही म्हणजे नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला एवढं सरळ नाही म्हणाली होती, आणि तेही चार लोकांदेखत. त्याच्या मानेवरची शीर फुगलेली तिला दिसली. पुढे काय होणार हे ती जाणून होती. तरीही तिनं शब्द मागे घेतला नाही.

टेबल एका झटक्यात उलटलं. फळी काकांच्या छातीवर आदळली आणि ते खुर्चीसकट मागे गेले. पैलवान त्यांच्या अंगावर गेला. पहिल्या ठोशात काकांचं नाक फुटलं, दुसऱ्यात ओठ. टॅक्सीवाला पाठीमागून लोंबकळला, तर पैलवानानं त्याला पोत्यासारखं झटकून लाकडांच्या थप्पीवर फेकलं. थप्पी कोसळली. तो उठला तो सरळ दाराबाहेर पळाला, ओरडत, "मारलं! मारलं!"

"अरे, म्हातारा माणूस आहे!" सुतार मध्ये पडला. त्यानं मेहुण्याला कमरेला धरलं. तीच चूक झाली. पैलवानानं त्याचं मनगट पकडलं, पिरगाळलं आणि त्याला फरफटत बाकापाशी नेलं. बाकाला लोखंडी शेगडा बसवलेला होता, फळी रंधताना हलू नये म्हणून जबड्यात आवळून धरणारा. पैलवानानं सुताराची बोटं त्या जबड्यात घातली आणि दांडा फिरवला.

"वाजव आता टाळी, दाजी. वाजव ना."

सुतार किंचाळला. त्या आवाजाखाली ताईला दुसरा एक आवाज ऐकू आला, ओली काटकी मोडल्यासारखा. दवाखान्यात ती मोडलेली हाडं रोज पाहायची, पण मोडताना कधी ऐकलं नव्हतं.

"सोड त्यांना."

"तू मध्ये पडू नकोस, ताई." त्यानं वळूनही पाहिलं नाही. दांडा आणखी थोडा फिरवला.

खिळ्यावर लाकडी हातोडा टांगलेला होता, पटाशीवर ठोकायचा, जड. तिनं तो काढला. भावाचा हात दांड्यावर ताणलेला होता. तिनं दोन्ही हातांनी हातोडा उचलून मनगटाच्या वर, जिथे हाड कातडीच्या लगेच खाली असतं, तिथे मारला. हात सुटला. तो कळवळून तिच्याकडे वळला, चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य. तेव्हा तिनं पुन्हा मारलं, खांद्यावर. दुसऱ्या घावाची गरज नव्हती. तो दिलाच.

पैलवान भुशात गुडघ्यांवर बसला. ताईनं दांडा उलटा फिरवून नवऱ्याची बोटं सोडवली. दोन बोटांची टोकं चपटी झाली होती, नखं निघून आली होती. तिनं तिथेच पदर फाडला. आधी नवऱ्याचा हात बांधला, मग काकांना एका कुशीवर वळवलं, म्हणजे रक्त घशात जाणार नाही. मग भावाकडे गेली.

"हात मोडला गं," तो म्हणाला. लहान मुलासारखा रडत होता.

"मोडलाय. मीच मोडलाय. हलवू नकोस." तिनं दोन लाकडी पट्ट्या घेऊन हात नीट बांधला, जसा कुणाचाही बांधला असता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? पैलवानानं ताईकडे पाहिलं आणि म्हणाला, "पडलो. दाजीपण पडले. लाकडं कोसळली अंगावर." घरात कायम असंच सांगितलं जायचं. आरसा पडला, कडी गंजली होती, ताट निसटलं.

"पडला नाही," ताई म्हणाली. "यानं माझ्या नवऱ्याची बोटं शेगड्यात चिरडली. काकांना मारलं. आणि याचा हात मी मोडला. पोलिसांना बोलवा, मी सगळं लिहून देते. माझंसुद्धा."

रात्री आईचा फोन आला. ताईनं तो घेतला आणि आईला पूर्ण बोलू दिलं. शेवटी आई म्हणाली, "सख्खा भाऊ आहे गं तुझा."

"हो," ताई म्हणाली. "आणि ज्यांची बोटं त्यानं चिरडली, ते माझे कोण आहेत?"

सुताराची दोन बोटं पेरापासून काढावी लागली. काकांचं नाक वाकडं जुळलं. काही आठवड्यांनी पैलवान प्लास्टर काढायला आला, जामिनावर. त्या दिवशी प्लास्टरच्या खोलीत कामाला ताईच होती. त्यानं दारातून परत फिरायचं पाहिलं, पण परिचर म्हणाला, "बसा, बसा, लगेच होतं."

ताईनं प्लास्टर कापायची गोल करवत चालू केली. तिचं पातं नुसतं थरथरतं, कातडीला लागत नाही. लहान मुलांना ती तळहातावर लावून दाखवायची. तिनं तशीच स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवली. "बघ. काही होत नाही."

तरी त्यानं हात मागे ओढला. एवढा दांडगा माणूस आणि घामानं डबडबला होता. मोठ्या बहिणीला भिऊन खुर्चीत आकसून बसलेला हा भाऊ तिनं आयुष्यात प्रथमच पाहिला. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"आई म्हणते, तक्रार मागे घे," तो खाली मान घालून म्हणाला.

"नाही घेणार."

"मग इथून पुढे काय?"

"हात पुढे कर," ताई म्हणाली. तिनं कोपरापासून मनगटापर्यंत सरळ रेघ कापली, कवच उघडलं, आतला फिकट, वाळलेला हात पाण्यानं पुसला. "रोज मूठ उघड-मीट करायची. दुखेल. दुखलं तरी करायची." मग तिनं दार उघडून पुढच्या माणसाला आत बोलावलं.