बिळावर आलेली निर्माल्याची पिशवी

मित्रांनो, मी ऐरोलीच्या खाडीतल्या चिखलाची जुनी रहिवासी आहे. पुस्तकात मला मँटिस श्रिंप म्हणतात, कोळीवाड्यात नुसतं 'कचरा'. दिसायला मी कोळंबीची चपटी नातेवाईक. रंग मातकट, शेपटीला काटे आणि छातीशी घडी घालून ठेवलेल्या दोन दातेरी नांग्या. मासा जवळून गेला की त्या सटकन उघडतात. देठावरचे माझे डोळे एकाच वेळी दोन दिशांना पाहतात, त्यामुळे नको ते सगळं मला दुप्पट दिसतं.

माझ्या चिखलाला नाक मुरडू नका. बीळ मी स्वतः खणलं आहे. आत काडी पडली तरी मी ती बाहेर लोटते, दिवसभर डोळे नि मिशा पुसत बसते. घाण म्हणजे काय, ते मला तुमच्याकडून कळलं. वरून तेलाचा तवंग येतो, डायपर येतात, चिप्सची पाकिटं येतात. शी!

गेल्या वर्षी मी अंडी घातली. आम्ही अंड्यांचा गोळा छातीशी धरतो, तो फिरवत राहतो, साफ करतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत अन्नाला तोंड लावत नाही. अशात एके सकाळी बिळाच्या तोंडावर गच्च गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी येऊन बसली. आत निर्माल्य होतं. झेंडू कुजला, काळं पाणी पाझरू लागलं आणि कडेची अंडी मेली. मासा फाडणाऱ्या माझ्या नांग्या त्या प्लास्टिकमध्ये नुसत्या अडकत होत्या. शेवटी गोळा कवटाळून मी फटीतून बाहेर पडले, तर ओहोटीच्या ओढीने थेट कोळीवाड्यातल्या दत्तूच्या जाळ्यात!

होडीवर दत्तू आणि त्याची बायको पुतळा मासळी निवडत होते. मासे ओंजळभर, पिशव्या ढीगभर.

"शी! यो कचरा परत आयला," मला उन्हात भिरकावत दत्तू म्हणाला. "बोटं कापतंय, जाली कापतंय."

अंडी सुकू लागली. मी नांग्या आपटल्या.

"थांब जरा," पुतळा वाकली. "तिच्या छातीशी अंडी हायत. लेकुरवालीला उनान नको मारू."

तिने मला पदरात धरून अलगद पाण्यात सोडलं. इतक्या मायेने मला कुणीच हाताळलं नव्हतं. बुडताना माझा एक डोळा उरलेल्या अंड्यांवर होता, दुसरा पुतळावर. तिने जाळ्यातल्या पिशव्यांना चार शिव्या हासडल्या. मग होडीच्या टोकाशी ठेवलेली घरच्या देव्हाऱ्यातली फुलं उचलली. तीही पिशवीतच होती, गच्च गाठ मारलेली. पुतळाने ती पिशवी कपाळाला लावली, हात जोडले आणि खाडीत सोडली.

पिशवी माझ्या मागोमाग खाली आली.

मला किळस आली आणि रडूही आलं. त्या गोळ्यातली फार थोडी पिल्लं जगली. मित्रांनो, मला खुशाल कचरा म्हणा. पण देवाची फुलं घरच्या कुंडीतल्या मातीत घाला. आणि खाडीवर आलातच, तर हात जोडण्याआधी एकदा खाली बघा. तिथे कुणीतरी अंडी कवटाळून बसलेलं असतं.