उभ्या गाडीचा कर

बाबा आत बसलेले असतानाच टोइंगवाल्यानं आमच्या गाडीला हुक लावला. बाबांनी आरशातून मागे पाहिलं आणि खिडकीतून हात काढून त्याला पुढं जाण्याची खूण केली.

"काका, खाली उतरा," टोइंगवाला म्हणाला.

"ड्युटीवर आहे," बाबा म्हणाले.

शेजारच्या सीटवर आई कुणाच्या तरी पँटची खालची पट्टी दुमडत बसली होती. तिनं सुई कापडात खोचून ठेवली, खाली उतरली आणि टोइंगच्या ट्रकच्या आणि आमच्या गाडीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. माझी आई उंचीनं बेताचीच, पण एकदा उभी राहिली की तिला हलवायला क्रेन लागते, आणि इथं तर ती क्रेनच अडवून उभी होती.

टोइंगवाल्यासोबत आलेली आरटीओची इन्स्पेक्टर माझ्याच वयाची होती. "मावशी, गाडीचा रोड टॅक्स केव्हाचा संपलाय. आम्ही काचेवर नोटीस लावली होती."

"मीच काढली ती. यांना समोरचं दिसत नव्हतं."

इन्स्पेक्टरनं फाटकात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेलं माणूस कोण, ते ती शोधत असावी. मी मान खाली घातली.

बाबा जन्मभर एका कचेरीत ड्रायव्हर होते. साहेब बदलत गेले, बाबा आणि त्यांची गाडी धुण्याची पद्धत तीच राहिली. पुढं आठवण विरत गेली तेव्हा तिच्यातून आधी मी गेले, मग आई गेली, पण ड्युटी काही जाईना. संध्याकाळ झाली की ते शर्ट खोचून घराबाहेर पडायचे. एकदा हमरस्त्याच्या मधोमध सापडले. ट्रकवाले शिव्या घालत होते आणि बाबा त्यांना वाट करून देत होते. त्या दिवशी मी रडले. आई रडली नाही. तिनं दारासमोर धूळ खात पडलेली आमची स्वतःची जुनी गाडी पुसली, बाबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः शिवण घेऊन शेजारी बसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ही ड्युटी चालू होती. गाडीचं इंजिन कधीच बंद पडलं होतं, पण बाबांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. येणारीजाणारी माणसं बघायची, आरसा नीट करायचा, एवढ्यात त्यांची संध्याकाळ निवांत जायची.

टॅक्स आईनं मुद्दाम भरला नव्हता. विसरली वगैरे काही नाही. ती शिवणकाम करणारी बाई. न शिवलेल्या कपड्याची शिलाई तिनं कधी घेतली नाही आणि कुणाला घेऊ दिली नाही. जी गाडी रस्त्यावर चालत नाही, तिनं रस्त्याचे पैसे का द्यायचे, हा तिचा साधा सवाल. मी समजावून थकले. शेवटी तो विषय काढणंच सोडून दिलं.

"चालो नाहीतर न चालो," इन्स्पेक्टर म्हणाली, "सरकारी रस्त्यावर उभी आहे ना? मग टॅक्स लागतोच."

"मग आत्ता घ्या."

"आता नुसता टॅक्स घेता येत नाही. विमा लागेल, तपासणी लागेल. चालवून दाखवावी लागेल."

"आणि रस्त्यावर नसली तर?"

"तुमच्या अंगणात असली तर मला हात लावता येणार नाही. तसा अर्ज द्यायचा, बंद गाडी म्हणून."

आईनं आमच्या फाटकाकडे पाहिलं. मग गळ्यातली टेप काढली. ती टेप तिच्या गळ्यात झोपतानाही असते असं आम्ही म्हणायचो. तिनं गाडीची रुंदी घेतली, फाटकाची घेतली, पुन्हा गाडीची घेतली. बाबा हे सगळं आरशातून बघत होते.

"आरसे मिटले आणि फाटक काढलं तर बसते," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत अंगणात नाही गेली तर खुशाल घेऊन जा."

इन्स्पेक्टरनं घड्याळ पाहिलं. "पण काकांना तर उतरवा."

"उतरवा तुम्ही. मला जमत नाही."

कुणालाच जमलं नाही. समोरच्या सुतारानं कुरकुरत फाटक बिजागऱ्यांवरून काढून दिलं. टोइंगवाल्यानं हुक सोडला आणि बाह्या सरसावल्या. मी, सुतार, टोइंगवाला आणि आई असे चौघे ढकलायला लागलो. गाडी हलली, फाटकाशी आली आणि अडली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. गल्ली अरुंद, वळायला जागा नाही. आईनं माप बरोबर घेतलं होतं, पण वळणाचं माप टेपेवर नसतं.

"राहू द्या मावशी," टोइंगवाला धापा टाकत म्हणाला. "खांबच पाडावा लागेल."

"मग पाडू," आई म्हणाली आणि सुताराकडे घण मागितला. ती थट्टा करत नव्हती. ही गाडी गेली की बाबा पुन्हा हमरस्त्यावर जाणार, हे तिला आणि मला दोघींनाही दिसत होतं.

"असं नाही जायचं," गाडीतून आवाज आला.

बाबा बोलत होते. "तोंडानं नाही जाणार. मागून घ्यावी लागेल. समोरच्या भिंतीला लावा आधी. मी सांगेन तेव्हा ढकला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं तसं केलं. गाडी समोरच्या भिंतीला जवळजवळ चिकटवली. बाबांनी मान मागे वळवली, एक हात आईच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर टाकला आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंग फिरवलं. "चला. हळू. अजून. बास." पुन्हा स्टिअरिंग फिरलं. मला नावानं हाक मारायला न जमणारा माझा बाप दोन खांबांमधून ती गाडी अशी आत घेत होता की रंगाचा ओरखडाही उठला नाही. इन्स्पेक्टर फाटकाबाहेर उभी राहून बघत होती.

त्यानंतर बाबा त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. आईनं रोज गाडीचं दार उघडून धरलं, ते मान हलवून घरात जायचे. रस्त्यावरही कधी गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसून राहायचे. पण हे सगळं पुढं कळायचं होतं. त्या संध्याकाळी आम्हाला वाटलं, जिंकलो.

बाबांनी हँडब्रेक ओढला, काचा वर केल्या, चावी काढली. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारली. शर्ट नीट खोचला आणि घामानं भिजलेल्या आईसमोर येऊन उभे राहिले.

"गाडी जागेवर लावलीय, बाईसाहेब," त्यांनी चावी तिच्या हातात दिली. "आता सुटी द्या. घरी बायको वाट बघत असेल."

आईनं चावी मुठीत धरली.

"बघतेय," ती म्हणाली. "चला, मी सोडते तुम्हाला."

घराचं दार तिथंच, चार पावलांवर होतं. पण आईनं त्यांचा हात धरला आणि फाटकाच्या खांबांमधून बाहेर पडून, सगळ्या गल्लीला वळसा घालून, ती त्यांना हळूहळू चालवत घरी घेऊन आली.